अनेक लिनक्स सर्व्हरवरचे क्रॉन जॉब कसे सांभाळायचे: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

अंधेरीच्या एमआयडीसीत, महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात किंवा गोरेगावच्या एखाद्या आयटी पार्कात सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून पहिली नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात बहुधा एक एक्सेल शीट हातात पडते. पंधरा-वीस सर्व्हरचे आयपी, लॉगिन, आणि शेवटच्या रकान्यात "क्रॉन आहेत, बघून घे" एवढंच. (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, आणि त्याने चालवलेलं काम म्हणजे क्रॉन जॉब.) ते क्रॉन कोणी लावले, कशासाठी लावले, त्यातले किती आज लागतात, हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस वाढीव पगारावर दुसरीकडे गेलेला असतो. हा लेख त्या "बघून घे"साठी आहे.

एक सूचना आधीच देतो. कमांड, फाइलींची नावं आणि आकडे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाईप करायचे.

एका सर्व्हरवर एक क्रॉन लावायला अर्धा तास पुरतो. वीस सर्व्हर झाले की अडचण वेगळीच असते. जॉब फेल झाला तर निदान कुठेतरी एरर उमटते. जॉब चाललाच नाही तर काहीच उमटत नाही. एरर नाही, मेल नाही, लॉगमध्ये ओळ नाही. तीन महिन्यांनी कोणीतरी बॅकअप मागतो तेव्हा कळतं. खाली जे काही सांगतोय, ते हा न चाललेला जॉब पकडण्यासाठीच आहे.

पहिली पायरी: काय कुठे चालतंय ते शोधा

नवीन माणूस क्रॉनटॅब हायफन एल मारतो, चार ओळी दिसतात, आणि तो समजतो झालं. ही कमांड फक्त ज्या युझरने लॉगिन केलंय त्याचे जॉब दाखवते. बाकीच्यांचे दिसत नाहीत. रूट (सगळे अधिकार असलेला युझर) होऊन थेट फोल्डरच उघडा: डेबियन आणि उबुंटूवर /व्हार/स्पूल/क्रॉन/क्रॉनटॅब्स, रेड हॅटच्या कुटुंबातल्या सिस्टिमवर /व्हार/स्पूल/क्रॉन. तिथे प्रत्येक युझरच्या नावाची एक फाइल असते.

त्यानंतर /ईटीसी/क्रॉनटॅब, /ईटीसी/क्रॉन.डी हे फोल्डर, आणि क्रॉन.अवर्ली, क्रॉन.डेली, क्रॉन.वीकली, क्रॉन.मंथली ही चार फोल्डर बघा. इथेच एक जुना खड्डा आहे. डेबियन-उबुंटूवर या फोल्डरांतल्या ज्या फाइलच्या नावात टिंब असेल ती फाइल चालवलीच जात नाही. बॅकअप.एसएच नावाची स्क्रिप्ट क्रॉन.डेलीमध्ये टाकली, परवानग्या दिल्या, सगळं ठीक दिसतंय, पण ती कधीच चालणार नाही. नाव नुसतं बॅकअप ठेवा, चालेल. /ईटीसी/क्रॉन.डीमध्येही तोच नियम.

मग सिस्टिमडीचे (लिनक्सच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) टायमर, ते क्रॉनसारखंच काम करतात: सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स, पुढे दोन हायफन देऊन ऑल. एकदाच चालणाऱ्या कामांसाठी एटीक्यू. एवढं करूनही यादी अपुरीच राहते, कारण बरेच जॉब अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात असतात. लाराव्हेल वापरत असतील तर क्रॉनमध्ये दर मिनिटाची एकच ओळ दिसेल, तिच्यामागे कोडमध्ये तीस जॉब असू शकतात. पायथनवाल्यांकडे सेलेरी बीट असतं. मायएसक्यूएलचा स्वतःचा इव्हेंट शेड्युलर आहे, पोस्टग्रेसला पीजी-क्रॉन जोडता येतं. म्हणून डेव्हलपर आणि डेटाबेस बघणाऱ्यांपाशी चहा घेऊन बसा. ही माहिती ग्रेप करून (फाइलींत शब्द शोधून) मिळत नाही.

हे सगळं एका शीटमध्ये उतरवा: सर्व्हर, युझर, वेळ, काय चालतं, किती वेळ लागतो. आणि आणखी एक रकाना ठेवाच: हा जॉब झाला नाही तर फोन कोणाचा येईल? अकाउंट्सच्या मॅडमचा, गोदामाचा, की कोणाचाच नाही? हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि खरं काम त्याच रकान्यात आहे. ज्या जॉबसमोर "कोणाचाच नाही" येतं, त्यातले निम्मे बंद करण्याजोगे असतात. उरलेले निम्मे सगळ्यात धोक्याचे. बॅकअप हा त्यातला ठळक नमुना. रोज झाला नाही म्हणून कोणी फोन करत नाही.

या टप्प्यावर काहीही डिलीट करू नका, कितीही निरुपयोगी दिसलं तरी. ज्या ओळींच्या शेवटी आउटपुट डेव्ह-नलमध्ये (टाकलेलं सगळं गायब करणारी फाइल) ढकललेलं दिसेल, त्यांना शीटमध्ये लाल रंग द्या. त्यांच्याकडे नंतर येऊ.

दुसरी पायरी: सगळ्या सर्व्हरची घड्याळं एका वेळेवर आणा

मुंबईला वेळेच्या घोळाची सवय जुनी आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी या शहराने ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढची आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवली. म्हणजे एकाच शहरात ३९ मिनिटांच्या फरकाने दोन घड्याळं. आज तोच घोळ सर्व्हर रूममध्ये सापडतो: ऑफिसातला जुना सर्व्हर भारतीय वेळेवर, आणि क्लाउडवर घेतलेली मशिन यूटीसीवर (ग्रिनिचची जागतिक वेळ), मग ती क्लाउडच्या मुंबई रीजनमधली असली तरीही. रीजन मुंबईचा म्हणून घड्याळ मुंबईचं होत नाही.

प्रत्येक सर्व्हरवर टाइमडेटसीटीएल मारा आणि टाइमझोन शीटमध्ये लिहा. फरक साडेपाच तासांचा आहे, म्हणून तास बदलून भागत नाही, मिनिटंही हलतात. शेअर बाजाराचे व्यवहार दुपारी ३:३० ला संपतात, म्हणजे यूटीसीचे १०:००. बाजार सकाळी ९:१५ ला उघडतो, तेव्हा यूटीसीत ३:४५ झालेले असतात. इथवर कागदावर आकडेमोड करून निभावतं.

खरी पंचाईत तारखेची होते. महिन्याच्या १ तारखेला पहाटे २ वाजता बिलं काढायची आहेत असं धरा. यूटीसीत ती वेळ आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री ८:३० ची येते. शेवटचा दिवस म्हणजे २८, २९, ३० की ३१? क्रॉनच्या पाच रकान्यांत (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) "महिन्याचा शेवटचा दिवस" लिहायची सोयच नाही. मग लोक २८ ते ३१ अशी रेंज देतात आणि स्क्रिप्टमध्ये उद्याची तारीख १ आहे का ते तपासतात. चालतं, पण सहा महिन्यांनी ती ओळ वाचणारा डोकं धरून बसतो.

रेड हॅटवरच्या क्रोनी या क्रॉनमध्ये क्रॉन_टीझेड हे व्हेरिएबल देऊन त्या फाइलपुरता टाइमझोन ठरवता येतो. डेबियनच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये ती सोय नाही. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे सर्व्हर असतील तर या सोयीवर भिस्त ठेवू नका. शिवाय तिने फक्त जॉब सुरू व्हायची वेळ बदलते, स्क्रिप्टच्या आत डेट कमांड सर्व्हरचीच वेळ सांगते.

माझं मत सरळ आहे. धंदा भारतातला, ग्राहक भारतातले, तर सगळे सर्व्हर एशिया/कोलकाता वर ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवायची भानगड नाही, त्यामुळे यूटीसीचा तो फायदा आपल्याला नको आहे. काही सर्व्हर परदेशात असतील तर मात्र सगळेच यूटीसीवर न्या. न्यूयॉर्कच्या वेळेवर ठेवलेल्या मशिनला मार्चमधल्या एका रविवारी पहाटेचे अडीच वाजतच नाहीत, आणि नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो. काहीही निवडा, पण एकच निवडा. टाइमझोन बदलल्यावर क्रॉनची सर्व्हिस रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर ती जुन्याच वेळेने चालत राहते.

घड्याळ सेकंदाला सेकंद जुळलेलंही हवं. क्रोनी नावाचा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी असतो. वरच्या क्रॉनशी त्याचा संबंध नाही, मराठीत लिहिताना नावं सारखी दिसतात एवढंच. क्रोनीसी ट्रॅकिंग मारलं की फरक दिसतो. हा कायद्याचाही भाग आहे: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, वेळ पुरवणाऱ्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळलेली हवीत, आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. ऑडिटवाले हा प्रश्न विचारतात.

तिसरी पायरी: एक जॉब तरी नीट लिहा

वीस सर्व्हरवर वाईट जॉब पसरवण्याआधी एका सर्व्हरवर चांगला जॉब लिहून बघा. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून चालत नाही, ही नव्या माणसाची पहिली तक्रार असते. कारण जवळजवळ नेहमी तेच: क्रॉनला तुमचं लॉगिनचं वातावरण मिळत नाही. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) जेमतेम /यूएसआर/बिन आणि /बिन असतात, शेलही (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) बॅश नसून एसएच असतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश सांगा, पाथ स्वतः लिहा, आणि प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

दुसरी तक्रार टक्क्याच्या चिन्हाची. क्रॉनच्या ओळीत % आलं की क्रॉन त्याला नवी ओळ समजतो. तारखेच्या नावाने फाइल बनवायला डेट +%एफ थेट क्रॉनमध्ये लिहिलं की कमांड अर्ध्यावर तुटते. मागे उलटा तिरका देऊन ते टाळता येतं, पण त्यापेक्षा सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचं नाव येऊ द्या.

तिसरी गोष्ट अनुभवी लोकांनाही चकवते. ही ओळ बघा:

० ९ १-७ * १ /ऑप्ट/जॉब्स/रिपोर्ट

लिहिणाऱ्याच्या मनात "महिन्याचा पहिला सोमवार" आहे. क्रॉन मात्र तारीख आणि वार दोन्ही दिले असतील तर "यापैकी काहीही जुळलं तरी चालव" असं मानतो. म्हणजे हा रिपोर्ट १ ते ७ तारखेला रोज जाईल, शिवाय प्रत्येक सोमवारी. वार क्रॉनमधून काढा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच आज सोमवार आहे का ते तपासा.

आता एकावर एक चढणारे जॉब. दर दहा मिनिटांनी चालणारा जॉब एखाद्या दिवशी पंचवीस मिनिटं घेतो, तोवर दुसरा-तिसरा सुरू होतो, तिघं मिळून डेटाबेस बसवतात. यावर उपाय एका शब्दाचा आहे, एफलॉक, म्हणजे जॉबला लावायचं कुलूप (ही ओळ /ईटीसी/क्रॉन.डीमधली आहे, म्हणून वेळेनंतर रूट हे युझरचं नाव आलंय):

*/१० * * * * रूट /यूएसआर/बिन/एफलॉक -एन /रन/लॉक/सिंक.लॉक /यूएसआर/बिन/टाइमआउट २५एम /ऑप्ट/जॉब्स/सिंक

हायफन एन म्हणजे आधीचा चालू असेल तर गुपचूप परत फिर. टाइमआउट म्हणजे पंचवीस मिनिटांत संपलं नाही तर मारून टाक. टाइमआउट नसेल तर एक अडकलेला जॉब कुलूप धरून बसतो आणि पुढचे सगळे दारातूनच परत जातात. कुलूप आणि टाइमआउट जोडीनेच लावा.

आणि पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेऊन तो जीझिपला (फाइल दाबून लहान करणारी कमांड) दिला तर शेवटचा निकाल जीझिपचा धरला जातो. डंप पहिल्याच सेकंदाला पासवर्ड चुकला म्हणून मेला तरी जीझिप रिकामी फाइल व्यवस्थित दाबतो आणि "यशस्वी" सांगून मोकळा होतो. २० बाइटची बॅकअप फाइल दिसली की हेच झालंय असं समजा. स्क्रिप्टच्या वर सेट -ईयू आणि पाइपफेल लिहा, म्हणजे मधली कमांड फसली तर स्क्रिप्टही फेल ठरते. शेवटी फाइलचा आकारही तपासा, कालच्यापेक्षा निम्मा असेल तर जॉबला फेल म्हणा.

चौथी पायरी: सर्व्हरवर जाऊन एडिट करणं बंद

क्रॉनटॅब हायफन ई म्हणजे एडिट, क्रॉनटॅब हायफन आर म्हणजे सगळं पुसून टाक. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी आहेत, आणि आर मारल्यावर क्रॉन "नक्की का?" असं विचारत नाही. एवढ्या एका कारणासाठीही युझरच्या क्रॉनटॅबमध्ये महत्त्वाचे जॉब ठेवू नयेत.

सगळे जॉब गिटच्या (फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवणारा प्रोग्रॅम) एका रिपॉझिटरीत आणा आणि तिथून, अनेक सर्व्हरवर एकदम बदल करणाऱ्या अ‍ॅन्सिबलने सर्व्हरवर पाठवा. अ‍ॅन्सिबलच घ्या असा माझा आग्रह अशासाठी की सर्व्हरवर काही वेगळं बसवावं लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की झालं. ऑफिसात आधीच पपेट किंवा सॉल्ट असेल तर तेच वापरा, नवं खूळ आणू नका.

अ‍ॅन्सिबलच्या क्रॉन मॉड्यूलमध्ये प्रत्येक जॉबला नाव द्यावं लागतं. ते नाव तो क्रॉनच्या फाइलीत कमेंट म्हणून लिहितो आणि पुढच्या वेळी त्यावरूनच जॉब ओळखतो. म्हणजे "रात्रीचा बॅकअप" हे नाव बदलून तुम्ही "डेटाबेस बॅकअप" केलंत, तर जुना जॉब तसाच राहतो आणि नवा त्याच्याशेजारी येऊन बसतो. आता बॅकअप दोनदा. नाव बदलायचं असेल तर आधी जुन्या नावाला स्टेट अ‍ॅबसेंट देऊन काढा, मग नवं घाला.

मला स्वतःला मॉड्यूलपेक्षा सरळ /ईटीसी/क्रॉन.डीमध्ये फाइली टाकणं जास्त आवडतं. एका जॉबची एक फाइल, वर कमेंटमध्ये जॉब कोणत्या विभागाचा ते आणि कारण. फाइल बघितली की कळतं, काढली की जॉब गेला. तीन पथ्यं पाळा: या फाइलीत वेळेनंतर युझरचं नाव लिहावं लागतं, फाइल रूटच्या मालकीची हवी आणि इतरांना लिहिता येऊ नये, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर हवा.

पाठवण्याआधी चेक आणि डिफ हे दोन पर्याय देऊन काय बदलणार ते बघा, मग लिमिट देऊन एकाच सर्व्हरवर पाठवा, एक रात्र जाऊ द्या, मग बाकीच्यांवर. शुक्रवारी संध्याकाळी सहाला, सगळे स्टेशनच्या वाटेला लागलेले असताना, वीसच्या वीस सर्व्हरवर एकदम काही पाठवू नये हे वेगळं सांगायला नको.

क्रॉन की सिस्टिमडी टायमर?

हा वाद ऑफिसात होणारच. टायमरला दोन फाइली लिहाव्या लागतात, एक सर्व्हिसची आणि एक वेळेची, म्हणून लोक कंटाळतात. पण मिळतंही बरंच: लॉग आपोआप जर्नलमध्ये जातात, आधीचा रन चालू असेल तर दुसरा सुरू होत नाही, टाइमझोन वेळेच्या ओळीतच लिहिता येतो, आणि पर्सिस्टंट चालू असेल तर सर्व्हर बंद असताना हुकलेला जॉब सुरू होताच चालतो. सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ कॅलेंडर ही कमांड तुम्ही लिहिलेली वेळ नेमकी कधी येणार ते आधीच सांगते. नेहमीच्या क्रॉनमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. नवे जॉब टायमरवर लिहा, जुने चालणारे क्रॉन उगाच उकरू नका. सगळं एकदम बदलायची मोहीम काढली की तीच मोहीम नवे बिघाड घेऊन येते.

पाचवी पायरी: सगळे एकदम रात्री बाराला नकोत

शीट वेळेप्रमाणे लावली की दिसेल, अर्धे जॉब ० ० वर आहेत. मध्यरात्र ही माणसाची आवड आहे, मशिनला १२:३७ सुद्धा तेवढीच प्रिय. वीस सर्व्हर एकाच क्षणी एकाच स्टोरेजवर बॅकअप ओतू लागले की प्रत्येकाचा बॅकअप रखडतो, आणि सकाळी पोचलात तरी तो चालूच असतो.

टायमरमध्ये रँडमाइझ्ड-डिले-सेक देऊन एक तासाच्या आत कुठेही पसरवता येतं. दर रात्री वेगळी वेळ नको असेल तर फिक्स्ड-रँडम-डिलेही चालू करा, तो पर्याय सिस्टिमडी २४७ पासून आहे. क्रॉन असेल तर अ‍ॅन्सिबलमध्ये मिनिटाचा आकडा सर्व्हरच्या नावावरून काढायला सांगा, म्हणजे प्रत्येक सर्व्हरला वेगळं पण कायमचं मिनिट मिळतं. कायमचं असणं महत्त्वाचं. "काल २:१७ ला झाला, आज का नाही?" असं विचारता आलं पाहिजे.

सहावी पायरी: दहा सर्व्हर, पण जॉब एकदाच

वेबसाइटवर लोड वाढला म्हणून कोणीतरी अ‍ॅप सर्व्हरची प्रत काढून दुसरा उभा करतो. प्रतीबरोबर क्रॉनही येतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ग्राहकाला हप्त्याची आठवण करणारा एसएमएस दोनदा जातो.

सोपा उपाय म्हणजे असे जॉब एकाच ठरलेल्या सर्व्हरवर ठेवायचे. छोट्या ऑफिसात हेच करा. तो सर्व्हर बंद पडला तर जॉब थांबणार हे मान्य करून करा, आणि पुढच्या पायरीतला पहारा त्यावर नक्की लावा.

सर्व्हर बंद असूनही जॉब व्हायलाच हवा असेल तर दोन सर्व्हरवर लावून मध्ये डेटाबेसचं किंवा रेडिसचं (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) कुलूप घालतात. यात एक बारीक फट आहे. पहिल्या सर्व्हरने कुलूप घेतलं, काम एका सेकंदात संपवलं, कुलूप सोडलं. दुसऱ्याचं घड्याळ तीन सेकंद मागे आहे. तो येतो, कुलूप मोकळंच मिळतं, काम पुन्हा होतं. म्हणून नुसतं कुलूप पुरत नाही. डेटाबेसमध्ये एक टेबल ठेवा, त्यात जॉबचं नाव आणि तारीख यांवर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम). जो आधी ओळ घालेल तो चालवेल, दुसऱ्याला एरर मिळेल आणि तो मुकाट परत जाईल. एसएमएससाठी तर ग्राहक आणि तारीख यांवरच युनिक की लावा, मग जॉब अर्ध्यात मेला आणि पुन्हा चालवावा लागला तरी कोणाला दुसरा मेसेज जात नाही.

सातवी पायरी: न चाललेला जॉब पकडा

पहिल्या पायरीत लाल केलेल्या ओळी आता हातात घ्या. आउटपुट डेव्ह-नलमध्ये ढकलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. मेलबॉक्स भरून वाहत होता, त्याने नळ बंद केला. क्रॉन मुळात आउटपुट मेल करतो, पण सर्व्हरवर बाहेर मेल पाठवायची व्यवस्था नसेल तर तो त्या युझरच्या लोकल मेलबॉक्समध्ये साठत राहतो, जिथे कोणी फिरकत नाही, आणि मेलचा प्रोग्रॅमच नसेल तर आउटपुट टाकून दिलं जातं. आउटपुट लॉगर कमांडला द्या, म्हणजे ते सिस्लॉगमध्ये (सिस्टिमचा सामाईक लॉग) जाईल, आणि सिस्लॉग सगळ्या सर्व्हरवरून एका ठिकाणी गोळा करा.

पण लॉग फक्त जे झालं तेच सांगतो. जे झालं नाही ते कळायला उलटी पद्धत लागते. जॉब यशस्वी संपला की त्याने एका ठिकाणी हजेरी लावायची. ठरल्या वेळेत हजेरी आली नाही तर तिथून तुमच्या फोनवर अलर्ट यायचा. हेल्थचेक्स हा ओपन सोर्स प्रकल्प नेमकं हेच करतो, आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो. प्रत्येक जॉबला एक यूआरएल मिळतो:

/ऑप्ट/जॉब्स/बॅकअप && कर्ल -एफएसएस -एम १० --रिट्राय ५ हजेरीचा यूआरएल

मधले && म्हणजे बॅकअप यशस्वी झाला तरच पुढे जा. तिथे अर्धविराम टाकलात तर बॅकअप फसला तरी हजेरी लागेल, आणि हिरवी खूण बघून सगळे निवांत झोपतील. ऑफिसात आधीच प्रोमिथियस (सर्व्हरवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) असेल तर वेगळं काही बसवू नका. त्याच्या नोड एक्सपोर्टरच्या टेक्स्टफाइल कलेक्टरमध्ये जॉब संपल्याची वेळ लिहा, आणि ती २६ तासांपेक्षा जुनी झाली की अलर्ट लावा.

सवलतीचा वेळ विचार करून ठरवा. बॅकअपला एरवी ४० मिनिटं लागत असतील तर दोन तास द्या. पंधरा मिनिटं दिलीत तर आठवड्यात इतके खोटे अलर्ट येतील की टीममधलं कोणीतरी तो ग्रुप म्यूट करेल, आणि एकदा म्यूट झालेला ग्रुप सहसा परत उघडत नाही. अलर्टमध्ये सर्व्हर, जॉब आणि पहिल्या पायरीतला तो "फोन कोणाचा येईल" रकानाही येऊ द्या. रात्री तीनला उठलेल्या माणसाला आत्ता लॅपटॉप उघडायचा की सकाळी बघायचं, हे त्यावरून ठरवता येतं.

पहारेकरी सर्व्हर त्याच रॅकमध्ये ठेवू नका. महाप्यात सर्व्हर असतील तर पहारा क्लाउडवर ठेवा.

बसवून झालं की कमी महत्त्वाचा एखादा जॉब मुद्दाम बंद करा, टीमला न सांगता, आणि अलर्ट येतो का बघा. नुसता येऊन उपयोग नाही, कोणी उचलतो का तेही बघा.

आठवी पायरी: मेगाब्लॉक घ्यायला शिका

रविवारी रेल्वे मेगाब्लॉक घेते तेव्हा कुठून कुठे, किती ते किती आणि कोणत्या गाड्या रद्द, हे आदल्या दिवशी पेपरात येतं. सर्व्हरच्या मेंटेनन्सलाही एवढंच लागतं, आणि तेच नेमकं राहून जातं. सर्व्हर अपग्रेडला घ्यायच्या आधी शीट उघडा आणि त्या वेळेत कोणकोणते जॉब येतात ते लिहून मेल करा. पहारेकऱ्यावर तेवढ्या वेळेपुरता पॉज लावा.

क्रॉनची सर्व्हिस थांबवली म्हणजे चालू असलेले जॉब थांबतात असं नाही. डेबियन आणि रेड हॅटवर ते पुढे चालूच राहतात, त्यामुळे पीएस (चालू प्रोग्रॅमांची यादी देणारी कमांड) मारून खात्री केल्याशिवाय रीबूट करू नका. काम संपल्यावर हुकलेले क्रॉन सहसा आपोआप चालत नाहीत, यादी बघून हाताने चालवा. पर्सिस्टंट टायमरचं बरोबर उलट आहे: सर्व्हर वर आला की हुकलेले सगळे टायमर एकदम सुटतात. सकाळी दहाला, ऑफिस भरलेलं असताना, रात्रीचे तीन जड जॉब एकत्र सुरू व्हायला नको असतील तर सर्व्हर वर आणण्याची वेळ त्या हिशेबाने ठरवा.

मोठी हत्यारं कधी?

रंडेक, जेनकिन्स, एअरफ्लो या जॉब एका जागेवरून चालवणाऱ्या साधनांची नावं तुम्ही ऐकली असतील. नवीन माणसाला ती आकर्षक वाटतात, बायोडेटावर छान दिसतात. ती लागतात केव्हा, ते शीटमध्येच दिसतं. डंप २:०० ला, "तोवर होईल" म्हणून कॉपी २:४५ ला, आणि "नक्की झालं असेल" म्हणून रिपोर्ट ४:०० ला, अशा अंदाजाच्या साखळ्या किती आहेत ते मोजा. एक-दोन असतील तर तिन्ही कामं एका स्क्रिप्टमध्ये एकापाठोपाठ लिहा, संपलं. वेगवेगळ्या सर्व्हरवर पसरलेल्या अशा आठ-दहा साखळ्या असतील तर एअरफ्लोचा विचार करा. जॉब साधेच आहेत, पण सर्व्हरवर लॉगिन नसलेल्या अकाउंट्सच्या लोकांना ते बटण दाबून चालवायचे आहेत, तर रंडेक. एवढं लक्षात ठेवा की तो मध्यवर्ती सर्व्हर बसला की सगळे जॉब एकदम बसतात, म्हणून पहारा त्याच्या बाहेर हवा.

नववी पायरी: माणसं जातात, जॉब राहतात

शीटमधला युझरचा रकाना शेवटी पुन्हा वाचा. माणसाच्या नावाच्या खात्याखाली चालणारा प्रत्येक जॉब म्हणजे ठरलेला अपघात. तो माणूस राजीनामा देतो, एचआर खातं बंद करायला सांगतं, आणि त्या रात्रीपासून जॉब बंद. माणूस कुठेही गेला नसला तरी नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायच्या धोरणात त्याचा पासवर्ड संपला की क्रॉन पॅमपाशी (खातं चालू आहे का ते तपासणारी लिनक्सची व्यवस्था) अडतो आणि जॉब चालत नाही. लॉगमध्ये एक ओळ येते, स्क्रिप्ट सुरूही होत नाही. अशा जॉबसाठी वेगळं सर्व्हिस खातं काढा, त्याला लॉगिन देऊ नका, पासवर्डची मुदत लावू नका, आणि लागतील तेवढेच अधिकार द्या. सगळं रूटखाली चालवणं सोपं पडतं, पण मग स्क्रिप्टमधली एक चुकलेली स्पेस अख्खी डिस्क पुसू शकते.

जॉब हलवताना जुन्या खात्याच्या होम फोल्डरमधल्या एसएसएच किया, पासवर्डच्या फाइली आणि डेटाबेसची सेटिंगही बघा, कारण स्क्रिप्ट त्यांच्यावर अवलंबून असते आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. दोन रात्री नव्या खात्याखाली हजेरी लागली की मगच जुनी ओळ काढा, आणि ती गिटमधून काढा, सर्व्हरवर जाऊन नव्हे.